लिंबाचा मान

आमच्या घरी दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी एक लिंबू पाडावं लागतं. नरखेड तालुक्यात आणखी कोणाकडे ही रीत असेल असं वाटत नाही, निदान माझ्या ऐकण्यात नाही. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, बांबू रोवायचा, त्याला सुतळीनं लिंबू टांगायचं आणि घरच्या मानकऱ्यानं ते उडवायचं. आजोबा गोफणीनं उडवायचे. पुढे बाबांनी बागेतले पोपट हाकलायला छर्ऱ्याची बंदूक आणली, तेव्हापासून बंदुकीनं. पोपटांना त्यांनी कधी मारलं नाही. बागेच्या मधोमध तेलाचा रिकामा पिपा टांगलेला असायचा, त्यावर छर्रा हाणायचा. टण्ण आवाज झाला की अख्खा थवा उठायचा. पिपा मोठा असतो, त्याला नेमाची गरज नसते. लिंबाला असते.

मानकऱ्याला दोन बार मिळतात. दोन्ही हुकले तर बंदूक धाकट्या पातीकडे, म्हणजे काकाजींच्या घराकडे जाते, आणि त्यांनी लिंबू पाडलं तर वर्षभराचा मानही जातो. मान म्हणजे फार काही नाही. घरच्या कार्यात पहिला नारळ कोणी फोडायचा, पहिलं सोनं कोणाच्या हातचं घ्यायचं, पंगतीत पहिलं ताट कोणापुढे, एवढंच. पण एवढ्याच गोष्टींवर आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं फुगून बसतात. बाबांच्या हातून हा मान कधी गेला नव्हता.

मागच्या पोळ्याला सगळे जमले होते. बाबांच्या उजव्या डोळ्याला आता धूसर दिसतं. माझा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. त्याला दसऱ्याला सुट्टी मिळते, पण गाडीचं रिझर्व्हेशन मिळत नाही, असं तो सांगतो. काकाजींनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"मंग भाऊ, यंदा लिंबाचं कसं करता? डोया तं गेला तुमचा."

बाबा म्हणाले, "यंदा बार पोट्टी मारीन."

"कोणती पोट्टी?"

"एकच हाय न माह्याजवळ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भजी तळत होते. काकाजी हसले. "अन् उद्या हिचं लगन झालं तं? मान सासरी नेतं का वं, संदुकात घालून?"

मी म्हटलं, "काकाजी, आधी नवरा तर पाहा. मान नेण्याजोगा असला तर नेईन."

हसणं झालं, पण बाबा हसले नाहीत. ते सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "माही पोरगी मारीन. म्या सांगितलं." आमच्या घरात बाबांचं 'म्या सांगितलं' म्हणजे विषय संपला. आणि त्या शब्दाला खाली पाहायला लावायचं की नाही, हे आता माझ्या हातावर आलं.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.ए. केलं, परीक्षा दिल्या, आता नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. हे मी मान वर करून सांगते, कारण ते मला कोणी आंदण दिलेलं नाही. मला एक गोष्ट येते, ती म्हणजे शिकणं. ज्या विषयाचा ओ की ठो कळत नाही तो विषय घेऊन बसायचं आणि तो सुटेपर्यंत उठायचं नाही. बंदूक काही इंग्रजीच्या पेपरापेक्षा अवघड नसेल, असं मला वाटलं.

बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून मी एसटीनं नागपूरला आणली. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे मॅडम, ऊस?" मी म्हटलं, "हो, रस निघत नाही अजून."

मानेवाड्याकडे मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, गच्ची माझ्याच दारापुढे. गच्चीच्या टोकाला जिन्याची खोली आहे. तिच्या भिंतीला टेकवून मी वाळू आणि चिंध्या भरलेलं पोतं ठेवलं. पोत्यावर लग्नपत्रिका लावायची, मागच्या कोऱ्या बाजूवर वाटीनं गोल काढून. कचेरीत पत्रिका इतक्या येतात की कागद विकत घ्यावा लागला नाही. घरमालकीण काकू पहिल्याच रविवारी वर आल्या. त्यांच्या घरी तीन पिढ्या नोकरीतल्या, बोलणं अगदी इस्त्री केलेलं.

"काय हो, कोणाला मारायची तयारी चालली आहे?"

"लिंबाला."

"लिंबू चिरतात हो आमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बघायला बसल्या.

सुरुवातीचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. मी बंदूक गच्च धरायची. खांद्यात रुतवायची, डाव्या हातानं आवळायची, श्वास कोंडून डोळे बारीक करायचे. घट्ट धरलेली वस्तू हलत नाही, एवढी साधी अक्कल होती. छर्रे मात्र पत्रिकाभर सांडायचे, आणि बहुतेक डावीकडे खाली. एक तर पत्रिकेच्या बाहेर पोत्याच्या तोंडाला लागला. काकू म्हणाल्या, "नवरदेव वाचला."

मग मी त्या विषयाचा अभ्यास केला. मोबाइलवर पाहिलं, वाचलं, एकेक गोष्ट गच्चीवर करून बघितली. आधी दस्त्याचे स्क्रू आवळले, ते आतून ढिले झाले होते. सीताबर्डीच्या दुकानातून एकाच जातीच्या छर्ऱ्यांचा डबा आणला, कारण बाबांच्या डबीत तीन प्रकारचे मिसळलेले होते आणि प्रत्येक जण आपल्या वाटेनं जायचा. पण खरी गोम वेगळीच निघाली. या बंदुकीत आत जाड स्प्रिंग असते. चाप ओढला की ती सुटते आणि तिच्यापुढचा दट्ट्या हवा दाबतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच सगळी बंदूक मागे-पुढे हिसका खाते. तो हिसका थांबवता येत नाही. तुम्ही आवळून थांबवायला गेलात की तुमच्या त्या दिवशीच्या जोराप्रमाणे ती वाकडी होते. म्हणून तिला हलू द्यायचं. तळहात उघडा ठेवायचा, त्यावर बंदूक नुसती ठेवायची, खांद्याला टेकेल इतकीच. दरवेळी तीच जागा, तोच सैलपणा. आणि बार झाल्यावरही लगेच मान वर करून बघायचं नाही, नळीच्या टोकावरच्या माशीवरची नजर तशीच राहू द्यायची.

वाचून कळलं तरी हाताला कळेना. हात पुन्हा पुन्हा मिटायचा. मग मला संत्र्याचा तोडा आठवला. हंगामात बाबा बागेत फिरून ओरडायचे, "आवळू नोको गा! बोटं लागली का डाग पडते." तोडलेलं संत्रं उघड्या तळव्यावर घ्यायचं असतं, लहान लेकराचं डोकं घ्यावं तसं. हे मला शिकवायला कोणी लागलं नव्हतं, पाच-सहा वर्षांची असल्यापासून येत होतं. बंदुकीखाली मी तोच हात दिला आणि त्या दिवशी छर्रे गोलाच्या आत आले. दुसऱ्या रविवारीही आले. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात काकूंनी स्वतःच्या फ्रिजमधून लिंबू आणून टांगलं आणि मी ते फोडलं. त्यांनी त्याचं सरबत केलं. "छर्रा निघाला नाही ना?" असं मी दोनदा विचारलं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गावी पोचले. बंदूक कोरडी, पुसलेली, हवी तशी बसलेली. ती मी देवघरासमोर ठेवली, कारण सकाळी सगळ्या हत्यारांची पूजा असते. बाबांनी विचारलं, "जमन का?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही निश्चिंत राहा." माझ्या आवाजात केवढी ऐट होती ते मला अजून ऐकू येतं.

सकाळी मी अंघोळ करून आले तेव्हा अंगणात मांडामांड झाली होती. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, फवारणीचा पंप, बाबांची मोटारसायकल, सगळं धुतलेलं, तेल लावलेलं, हळदीकुंकू आणि झेंडू वाहिलेलं. मधोमध बंदूक. दस्त्यावर कुंकवाचं बोट, नळीला झेंडूची माळ. बाबा पांढरं धोतर नेसून, टोपी घालून उभे होते. आनंदात होते. मी नमस्कार केला, माळ काढली आणि आम्ही सगळे बागेकडे निघालो.

धुऱ्यावर बांबू रोवलेला होता. त्याच्या मागे शेततळ्याचा उंच मातीचा बांध, म्हणून छर्ऱ्याची भीती नाही. लिंबू हिरवंगार, वाऱ्यानं जरा हलत होतं. काकाजी, काकी, चुलतभाऊ, त्याची बायको, शेजारच्या मळ्यातली चार माणसं, सगळे ओळीनं. बाया मागे. मी पुढे. आमच्या घरातली बाई त्या जागी पहिल्यांदाच उभी होती.

मी नळी बिजागरीतून खाली मोडली, छर्रा घातला, उघड्या तळव्यावर बंदूक घेतली. माशी लिंबाच्या बुडाशी आणली. चाप ओढला.

धडाम असा आवाज झाला. छर्ऱ्याच्या बंदुकीला असा आवाज नसतो, तिचा आवाज दार आपटल्यासारखा असतो. हा फटाक्यासारखा होता. नळीतून निळसर धूर निघाला आणि माझ्या तोंडावर आला. छर्रा लिंबाच्या कितीतरी वरून जाऊन बांधाच्या माथ्यावर लागला, माती उडाली.  मग वास पसरला. जवसाचा. तव्यावर जवस भाजताना येतो तो, खमंग.

काकाजी म्हणाले, "बाप्पा! निशाणा मारून राहिली का चटणी करून राहिली वं?"

सगळे हसले. शेजारच्या मळ्यातले तर गुडघ्यावर हात मारून हसले. मला त्याच क्षणी कळलं होतं. पूजेसाठी बाबांनी सगळ्या अवजारांना घालतात तसं बंदुकीलाही तेल घातलं होतं, नुसतं वरून नाही, तर नळी मोडून, जिथून हवा येते त्या भोकातही. आत तेल असलं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेटतं आणि छर्रा भलत्याच जोरानं वर जातो. हे मी वाचलेलं होतं. मी वळून बाबांच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत पिवळं तेल अजून होतं.

उपाय सोपा होता. "आत तेल गेलंय, चार बार मातीत मारून जाळून टाकते," एवढं म्हणायचं. पण मग कोणी घातलं ते सांगावं लागलं असतं, आणि बाबा शेजारीच टोपी सरळ करत उभे होते. मी नळी पुन्हा मोडली. दुसरा छर्रा घातला.

दुसऱ्या बारालाही थोडा धूर होता, पण आवाज बराच खाली आला होता. छर्रा डावीकडे खाली गेला आणि बांबूच्या बुडाला लागला. टक् असा कोरडा आवाज झाला. लिंबू जागचं हललंसुद्धा नाही.

रिवाजाप्रमाणे बंदूक चुलतभावाकडे गेली. तो मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता. "थांब बे, दोन मिनिटं," म्हणून त्यानं मोबाइल खिशात टाकला, बंदूक अशी घेतली जशी कोणी दुसऱ्याची छत्री धरतं, आणि चाप ओढला. धूर नाही, काही नाही. लिंबू फुटलं, अर्धं सुतळीला राहिलं, अर्धं खाली पडलं. त्याला त्या मानाची काही पडलेली नव्हती, म्हणून त्याचा हात सैल होता. मला हे दिसलं आणि मी टाळ्या वाजवल्या. तोंडाला कसं हसू आणलं ते माझं मला माहीत.

चुलतभाऊ बंदूक परत देताना सहज बोलला, "मोठे बाबा, तेल लय पाजलं न तुम्ही हिले. हात पाहा माहा. म्हणून धूर निघाला पहिल्यांदा."

बाबांनी त्याचा तेलकट हात पाहिला. मग स्वतःचा पाहिला. ते माझ्याकडे वळले. "काऊन वं, त्यानं नेम जाते?"

मी काही म्हणण्याआधी तोच म्हणाला, "जाते म्हणजे! कुठच्या कुठं जाते."

बाबा सगळ्यांसमोर दोन पावलं पुढे आले. माझे बाबा कोणापुढे चूक कबूल करणारे नाहीत. आईपुढेही नाही. ते म्हणाले, "मंग आयका. तेल म्या टाकलं. जवसाचं, चांगलं वाटीभर. पोट्टीचे दोन्ही बार हुकले ते माह्यानं. तिच्या हातानं नाई. दुसरं लिंबू लटकवा."

काकाजींनी तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणता येईना. "बरं गा भाऊ. दसरा हाय, कोण भांडते. लटकवा."

काकींनी पदराच्या गाठीतून दुसरं लिंबू काढलं. एक जण सुतळी सोडायला लागला. बाबांनी बंदूक माझ्यापुढे धरली. दोन्ही हातांनी, घट्ट.

मला फक्त घ्यायची होती. तेल जळून गेलं होतं, तळहाताला संत्रं आठवत होतं, पुढचा बार लागला असता असं मला आजही वाटतं. पण डावीकडे खाली! तेलाचा छर्रा वर जातो. डावीकडे खाली जातो तो आवळलेल्या हाताचा. गच्चीवरच्या त्या पहिल्या सगळ्या पत्रिका मला पाठ होत्या. दुसऱ्या बाराच्या वेळी लोक हसत होते, वास नाकात होता आणि माझी मूठ मिटली होती. ते माझ्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. मी ज्या शिकण्याची मिजास करते, त्या शिकण्यानंच ते मला कळलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, पहिला तेलाचा होता. दुसरा माझा होता. हात आवळला मी."

सुतळी सोडणारा थांबला. काकाजी माझ्याकडे बघत राहिले. मग खरंच प्रेमानं म्हणाले, आणि तेच मला जास्त लागलं. "खरं बोलाचा मान येगळा वं माय, लिंबाचा मान येगळा." काकींनी लिंबू पुन्हा गाठीत बांधलं.

बाबांनी बंदूक खाली केली. माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, "इचारलं होतं का तुले कोणी?"

मी काही खोटं बोलले नव्हते. पण बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत स्वतःची चूक पुढे केली होती, माझ्यासाठी, आणि मी ती त्यांच्या हातात अर्धी परत दिली होती. माझी मान खाली गेली ती बागेतून घरी येईपर्यंत वर आली नाही. वाटेत झाडांना केशरी रंग चढायला लागला होता. दरवर्षी बाबा थांबून एखादं संत्रं हातात तोलायचे. त्या दिवशी थांबले नाहीत.

त्या वर्षीचं पहिलं सोनं काकाजींच्या हातचं घेतलं. बाबा ओळीत दुसरे उभे राहिले, दोन्ही हात पुढे करून. हे मी पाहिलं. आईनं पाहिलं नाही, ती मुद्दाम चुलीकडे गेली.

संध्याकाळी मी आपट्याचं पान घेऊन बाबांकडे गेले. ते ओसरीवर बसून बंदूक पुसत होते. फडकं काडीला गुंडाळून नळीत घालायचं, काढायचं, उजेडाकडे धरून तेल राहिलं का बघायचं. धूसर डोळ्यानं. मी पान दिलं, वाकून नमस्कार केला. त्यांनी पान टोपीत खोचलं.

मग विचारलं, "हात काऊन आवळला वं?"

"लोक हसले, बाबा."

ते फडकं बदलत होते. वर न बघता म्हणाले, "म्या हासलो होतो काय?"

नव्हते हसले. ते माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर उभे होते, आणि मी त्यांच्याकडे फक्त तेल शोधायला पाहिलं होतं.  त्यांनी बंदूक चादरीत गुंडाळली, सुतळी बांधली आणि माझ्या बॅगेशेजारी टेकवून ठेवली.

मान काकाजींकडे आहे. यंदा पहिला बार चुलतभावाचा. त्याचे दोन्ही हुकले तरच बंदूक आमच्याकडे येईल, आणि तो हुकणारा नाही, कारण त्याला लागलं काय, नाही लागलं काय, सारखंच. तरी मी रविवारी गच्चीवर पत्रिका लावते. काकू खुर्ची घेऊन येतात. छर्रे गोलात पडतात, एकाशेजारी एक. मग मधेच कधीतरी बाबांचं ते 'म्या हासलो होतो काय?' कानात येतं, तळहात आपोआप मिटतो आणि छर्रा डावीकडे खाली जातो. काकू विचारतात, "आता काय झालं?" मी बंदूक कठड्यावर आडवी ठेवते आणि बोटं उघडायची वाट बघते.